टॉमी कुलपाला लागत नाही: खान्देशात नव्याने राहायला आलेल्यांसाठी

जळगावच्या टोकाला माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. गेट, ग्रिल, जिन्याचं रेलिंग ही रोजची कामं. पण अधूनमधून सकाळी सातला एक वेगळा फोन येतो. पलीकडचा आवाज पडलेला असतो आणि मागणी एकच: "दार बसवून द्या, आजच्या आज." घरफोडी झालेल्या घरात पोलीस येऊन गेल्यावर जो माणूस पोचतो तो मी. इतकी फुटलेली दारं पाहिली की आता चौकट बघून सांगतो, आत शिरायला किती वेळ लागला असेल.

बदली होऊन भुसावळला किंवा धुळ्याला आलेले, नंदुरबारला नवी नोकरी लागलेले, एनए (बिगरशेती) प्लॉट घेऊन ओसाड कॉलनीत पहिलं घर बांधलेले लोक मला नेहमी विचारतात, कुलूप कोणतं चांगलं? त्यांच्यासाठी हे लिहितोय. आधी एक गोष्ट ऐका. फुटलेल्या बहुतेक घरांत कुलूप शाबूत असतं. बंदच्या बंद, कोयंड्यात अडकलेलं, आणि कोयंडा चौकटीतून उपटून खाली पडलेला. पेपरात "कडी-कोयंडा तोडून" असं छापून येतं ना, ते शब्दशः खरं असतं. टॉमी म्हणजे चोराची लोखंडी पहार. ती कुलपाला लावत नाहीत, कोयंड्याच्या मागे सारतात आणि अंगाचा भार देतात.

पहिल्या दिवशी: चावी आणि कोयंडा

भाड्याचं घर असेल तर सामान उतरवायच्या आधी मुख्य दाराचं कुलूप बदला. आधीच्या भाडेकरूकडे, रंगाऱ्याकडे, मालकाच्या भाच्याकडे किती चाव्या आहेत ते मालकालाही ठाऊक नसतं. इनबिल्ट लॉक असेल तर सगळं काढायची गरज नसते, बहुतेक लॉकचं नुसतं सिलिंडर बदलून मिळतं.

मग कोयंडा बघा. एक इंचाच्या चार स्क्रूंवर बसवलेला असेल तर कुलूप दोनशेचं असो की दोन हजारांचं, काही फरक पडत नाही. लाकडी दार असेल तर कडी आणि कोयंडा दोन्ही आरपार नटबोल्टने बसवून घ्या. बोल्टचं गोल डोकं बाहेर, नट आत, आणि नटाखाली नुसता वायसर न ठेवता लोखंडी पट्टी. म्हणजे ओढ एका भोकावर न येता पट्टीभर वाटली जाते. आतून नटाच्या टोकाला वेल्डिंगचा एक ठिपका दिला की विषय संपला. हे काम तासाभराचं आहे. मी स्वतः हा धंदा करतो म्हणून सांगत नाही, कोणताही मिस्त्री करून देईल.

सिमेंटची तयार चौकट असेल तर जास्त काळजी घ्या. तिच्यात स्क्रू गिट्टीच्या भरवशावर उभा असतो आणि हिसका बसला की गिट्टीसकट बाहेर येतो. तिथे कोयंडा भिंतीत खोलवर गाडलेल्या सळईला जोडून घ्यावा. पत्र्याची चौकट आतून पोकळ असते. ती बसवतानाच आत काँक्रीट भरून घेतलं नसेल तर टॉमीने वाकते.

दार बाहेरच्या बाजूला उघडत असेल तर बिजागऱ्या बाहेर येतात आणि त्यांची पिन ठोकून काढता येते. सेफ्टी डोअरचं तर हे नेहमीचंच. पिनेच्या दोन्ही टोकांना वेल्डिंग मारून घ्या.

आणि मागचं दार. पुढच्या दाराला सागवान, पितळी हँडल, तोरण. मागे मोरीकडे मात्र प्लायवूडचं दार आणि बोटभर कडी. गावात खळ्याच्या बाजूचं दार तर कित्येकदा दोरीने बांधलेलं असतं. आमच्या आजोळच्या जुन्या घराला अडसर होता, भिंतीतल्या खोबणीतून ओढून दाराआड घालायचा जाडजूड लाकडी दांडा. मागच्या दाराला आजही त्याच्याइतकी चांगली वस्तू नाही. दोन लोखंडी आकडे भिंतीत गाडा आणि आडवा पाइप टाका. बाहेर कुलूप नाही, कोयंडा नाही, धरायलाच काही नाही.

पहिल्या रविवारी: खिडक्या आणि कूलरचं भोक

घराला बाहेरून एक चक्कर मारा. चोराच्या नजरेनं, असं म्हणतात. मी म्हणतो, रंगाऱ्याच्या नजरेनं. कुठे पाय ठेवून वर जाता येईल ते बघा: पाण्याची टाकी, गॅलरीचा छज्जा, शेजारच्या बांधकामावर टेकवलेली शिडी.

ग्रिल बाहेरून लाकडी फ्रेमवर स्क्रूने मारलेली असेल तर ती स्क्रूड्रायव्हरने निघते. होल्डफास्ट (भिंतीत रुतवायच्या लोखंडी पट्ट्या) लावून भिंतीत गाडलेली हवी. नुसत्या उभ्या सळया जॅक लावून फाकवता येतात, म्हणून मधे दोन आडव्या पट्ट्या घ्या आणि चार इंचांपेक्षा जास्त फट ठेवू नका. स्लायडिंग खिडकीची काच खालच्या रुळातून उचलून काढता येते, तिच्या लॉकवर भरवसा नको. बाथरूमच्या व्हेंटिलेटरमधल्या काचेच्या पट्ट्या हाताने एकेक सरकतात. तिथे बाहेरून जाळी हवीच.

आता खास आपल्याकडची गोष्ट. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, त्यामुळे घरोघरी खिडकीत कूलर. कूलरचं तोंड आत बसावं म्हणून लोक ग्रिलचे दोन-तीन गज कापून टाकतात. जूनमध्ये कूलर निघतो आणि भोकावर पुठ्ठा किंवा प्लायचा तुकडा लागतो, तो पुढच्या एप्रिलपर्यंत. अशा भोकातून माणूस सहज आत जातो. गज कापू नका. खिडकीबाहेर कूलरसाठी लोखंडी पिंजरा करून घ्या, कुलपाच्या झाकणाचा. कूलर निघाला की पिंजरा तसाच राहतो. गज आधीच कापले असतील तर तेवढ्या भागाला बोल्टने बसणारी वेगळी जाळी करून मिळते.

कूलरचा दुसरा तोटा त्याची घरघर. रात्री शेजारच्या खोलीत कपाट उचकटलं तरी ऐकू येत नाही. म्हणून हॉलमध्ये कूलर लावून झोपणाऱ्यांनी बाकीच्या खोल्यांची दारं हॉलच्या बाजूने कडी घालून झोपावं. आणि खिडकीच्या हाताभर अंतरात मोबाइल, पाकीट, खुंटीवरची पँट ठेवू नये. काठीला आकडा लावून ओढणारे आत शिरतच नाहीत.

गच्चीवर झोपणार असाल तर

खान्देशातला उन्हाळा माहीत नसलेल्या माणसाला हे कुणी सांगत नाही. रात्री दहाला गाद्या वर जातात, खाली पुढच्या दाराला कुलूप लागतं, चावी उशाखाली. आता खालचं घर सकाळपर्यंत रिकामं आहे आणि बाहेरचं कुलूप ते जाहीर करतंय. लोक डोक्यावर झोपलेले असताना खालचं घर साफ झाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात वाचायला मिळतात.

जिना आतून असेल तर सोपं: सगळी दारं आतून लावायची आणि आतूनच वर जायचं. जिना बाहेरून असेल (कॉलन्यांत वरचा मजला भाड्याने द्यायचा म्हणून बहुतेकांचा तसाच असतो) तर घरातल्या एकाने खाली झोपावं, पाळी लावा हवी तर. तेही जमत नसेल तर पोर्चला चॅनल गेट लावा आणि मुख्य दाराला इनबिल्ट लॉक, म्हणजे बाहेर लटकतं कुलूप दिसणार नाही. जिन्याच्या तोंडाशीही गेट हवं, नाहीतर झोपेत गळ्यातलं जातं.

गावातल्या जुन्या मातीच्या घरांची धाबी, म्हणजे मातीची सपाट छतं, एकमेकांना लागून असतात. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वरून चालत जाता येतं. उजेडासाठी धाब्याला ठेवलेल्या भोकात दोन सळया आडव्या-उभ्या गाडून घ्या.

पहिल्या महिन्यात: शेजार

धुळे-अमळनेरकडे तुम्ही बॅग घेऊन निघालात की ओट्यावरून प्रश्न येतो, "कथा जाई ऱ्हायनात?" (कुठे चाललात?) आणि पाठोपाठ "कव्हय येशात?" (कधी येणार?) पुण्या-मुंबईहून आलेल्यांना हे नाक खुपसणं वाटतं. माझ्या मते याच्याइतका स्वस्त आणि पक्का अलार्म दुसरा नाही. नीट उत्तर द्या. ज्या बाईला तुम्ही कधी येणार ते माहीत आहे, तिलाच रात्री तुमच्या घरात बॅटरी चमकली तर खटकणार आहे.

ओळख करायची सोय गावच करून देतं. नळाला पाणी रोज येत नाही, दिवसाआड किंवा त्याहून उशिरा येतं, आणि येतं तेव्हा सगळी गल्ली जागी असते. त्या तासात बाहेर उभे राहा. समोरच्या मावशींचा नंबर घ्या, तुमचा द्या. गल्लीतल्या कुत्र्यांना उरलेली भाकरी घालत जा, ती महिनाभरात तुमच्या दारात झोपायला लागतात.

नव्या कॉलनीत चारच घरं असतील तर चौघांनी मिळून खांबावर दिवा मागा, आणि तो लागेपर्यंत आपापल्या गेटवर अंधार पडला की आपोआप लागणारा बल्ब लावा. साधा बल्ब चार दिवस दिवसाउजेडी जळत राहिला तर तो उलट चुगली करतो.

दारावर येणाऱ्यांपैकी दोघांपासून सांभाळा. एक, "कपाटाच्या चाव्या बनवून देतो" म्हणत फिरणारे. कपाट उघडून बसतात, मधेच तेल आणा, पाणी आणा म्हणतात, आणि जाताना सांगतात की लॉक तासाभराने उघडा. तोवर लॉकर रिकामा झालेला असतो. दुसरे दागिने पॉलिश करणारे. त्यांच्या पाण्यात सोनंच विरघळतं. चावी हवीच असेल तर कुलूप काढून दुकानात न्या.

पण अनोळखी माणूस दिसला म्हणजे चोर, हे डोक्यात घेऊ नका. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती ती, पोट भरायला आलेली. अफवेचे दिवस आले की गावोगाव काठ्या घेऊन पहारे सुरू होतात. पहारा द्या, पण संशय आला तर ११२ लावा, गावात पोलीस पाटलांना सांगा, आणि हात आवरा. ते व्हॉट्सॲपवरचे "टोळी आली आहे" मेसेज पुढे ढकलणंही बंद करा.

सोनं, पैसा, कागद

आपल्याकडे कापूस विकला, केळीचे पैसे आले की पाय सराफ बाजाराकडे वळतात. त्यामुळे साध्या दिसणाऱ्या घरातही चोराला आशा असते. आणि ठेवायच्या जागा सगळ्यांच्या त्याच: गोदरेजच्या कपाटातला लॉकर, गव्हाची कोठी, देवघराचा खण, गादीखाली. कपाटाची चावी कपाटाच्याच वर. मी दुरुस्तीला गेलेल्या घरांत कोठ्या पालथ्या केलेल्या पाहिल्यात, तेव्हा डाळीच्या डब्यात कुणाला कळणार नाही हा भ्रम सोडा.

रोज अंगावर नसतं ते बँकेच्या लॉकरमध्ये. पण लॉकरचाही नियम समजून घ्या. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक यात लॉकरमधलं गेलं तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत. भाडं २,००० असेल तर जास्तीत जास्त २ लाख. पूर किंवा भूकंपाने झालेल्या नुकसानीची जबाबदारी बँकेवर नाही. फक्त तिचा स्वतःचा निष्काळजीपणा त्यात नसावा. तरी घरापेक्षा शंभर वाटांनी बरं.

एका संध्याकाळी बसून प्रत्येक दागिन्याचा फोटो काढा, वजन लिहा, पावतीचा फोटो जोडा. १ एप्रिल २०२३ पासून दुकानात विकल्या जाणाऱ्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी क्रमांक असतो; तो भिंगाने वाचून लिहून ठेवा. भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तो तपासताही येतो. आजीच्या पाटल्यांवर असं काही नसेल, मग दोन्ही बाजूंनी फोटो आणि वजन एवढं तरी. ही यादी त्याच कपाटात ठेवू नका. बहिणीला पाठवून द्या.

विम्याचं थोडक्यात. गृहकर्ज घेताना गळ्यात मारलेली पॉलिसी चोरीला चालेल असं लोक धरून चालतात. भारत गृह रक्षा पॉलिसी मुळात आग, पूर, भूकंप यांसाठी आहे. तिच्यात चोरी धरली जाते ती अशी आपत्ती आल्यानंतरच्या सात दिवसांतली. घरफोडीचं कवच वेगळं घ्यावं लागतं, आणि त्यात सहसा जबरीने आत शिरल्याची खूण लागते. दार उघडं टाकून गेलात तर दावा अडकतो.

कॅमेरा

लावा, पण त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. तोंडाला रुमाल बांधलेली तीन माणसं पहाटे अडीचला दिसतात, यापलीकडे बऱ्याच फुटेजमध्ये काही नसतं. एक कॅमेरा चेहऱ्याच्या उंचीला, गेटमधून येणाऱ्याच्या समोर हवा. छताखालून फक्त टोप्या दिसतात. डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारा डबा) टीव्हीखाली ठेवू नका, जाताना तो उचलूनच नेतात. माळ्यावर किंवा बंद कपाटात ठेवा, नाहीतर रेकॉर्डिंग इंटरनेटवर साठवणारा कॅमेरा घ्या. वीज जाते, म्हणून छोटा यूपीएस. लेन्सवर कोळी जाळं करतो आणि रात्री सगळं पांढरं दिसतं. फडकं मारत चला. घड्याळ बरोबर आहे ना तेही बघा, कारण पुढे कोर्टात त्या वेळेवरच वाद घालतात.

गावाला जाताना

खान्देशात घरं कधी रिकामी असतात ते सगळ्यांना माहीत आहे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सासुरवाशिणी माहेरी, चैत्रात वणीच्या गडाला पायी, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवीच्या रोटांच्या सणाला सगळी भाऊबंदकी मूळ गावी, दिवाळी, आणि लग्नसराई. लग्नाची पत्रिका तर तारीख, वेळ, पत्त्यासकट दोनशे घरांत वाटलेली असते. लग्नघरात त्या दिवशी एक जाणता माणूस मागे ठेवायची जुनी रीत होती. नवरदेवाचा मामा रुसला तरी चालेल, ती पाळा. कुणाच्या दारावर (मयताच्या घरी भेटायला) जायचं झालं तर तयारीला वेळ नसतो, म्हणून शेजाऱ्याकडे एक चावी कायमची असू द्या.

निघण्याआधी दूध आणि पेपर बंद. समोरच्या मावशींना सांगा, आमच्याही दारात सडा टाका, दोन रेघा ओढा. तीन दिवस रांगोळी नसलेलं अंगण लांबून ओळखू येतं. दाराशी चपलांचा एक जुना जोड असू द्या, दोरीवर एखादा टॉवेल. गेटला बाहेरून साखळी-कुलूप लावू नका. आतल्या बाजूने लावून शेजारच्या गेटने निघा, जमत असेल तर. गडाच्या पायऱ्यांवरचा फोटो स्टेटसला घरी परत आल्यावर टाका. आठवडाभर जायचं असेल तर पोलीस ठाण्यात बीट अंमलदाराला (तुमच्या भागाच्या पोलिसाला) पत्ता आणि तारखा देऊन ठेवा, रात्रीच्या गस्तीला उपयोग होतो.

कपाटाला कुलूप लावावं का, यावर माझं मत लोकांना पटत नाही. आत काही नसेल तर कपाट उघडंच ठेवा. दोन हजारांच्या साड्यांसाठी पंधरा हजारांचं कपाट चिरलेलं मी पाहिलंय.

फोडलंच तर

परत आलात आणि कोयंडा लोंबकळताना दिसला तर आत जाऊ नका. आत कुणी असेल तर त्याला पळायला वाट हवी, तुम्ही ती अडवू नका. बाहेर या, ११२ लावा, शेजारी गोळा करा. रात्री घरात असताना खुडबुड ऐकू आली तर खोलीला आतून कडी घाला, दिवा लावा, मोठ्याने ओरडा.

पोलीस येईपर्यंत कशालाही हात नको. सगळ्यात मोठी नासाडी नातेवाईक करतात. वीस जण घरातून फिरून येतात, कुणीतरी विस्कटलेले कपडे घड्या घालून ठेवतं, आणि मग ठसेतज्ज्ञ आणि श्वानपथक आल्यावर हाती काही लागत नाही.

फिर्याद देताना साध्या अर्जावर बोळवण होऊ देऊ नका, एफआयआरच मागा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे: घरातली चोरी कलम ३०५, घरफोडी ३३१, त्यात दिवसाची पोटकलम ३, सूर्यास्तानंतरची पोटकलम ४. रात्री चोरीसाठी केलेल्या घरफोडीला १४ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. एफआयआरची प्रत फुकट मिळते. नोंदवायला नकार दिला तर तीच हकीकत लेखी, पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. तपास कुठवर आला ते ९० दिवसांत तुम्हाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. दागिन्यांची नुसती किंमत लिहू देऊ नका, प्रत्येकाचं वजन लिहायला लावा. पुढे माल सापडला तर ओळख पटवायला ते वजन आणि तुमचे फोटो कामी येतात, आणि मुद्देमाल परत मिळावा म्हणून कोर्टात अर्ज करताना तेच जोडावे लागतात.

चेकबुक, एटीएम कार्ड गेलं असेल तर बँकेला लगेच. मोबाइल गेला असेल तर तक्रारीची प्रत जोडून संचार साथी पोर्टलवर तो बंद करून घ्या.

आणि दार दुरुस्तीला मला किंवा कुणालाही पंचनामा संपल्यावरच बोलवा. घाईत नवा कोयंडा बसवला की जुन्यावरची टॉमीची खूण जाते. पंचनामा झाला की मात्र त्याच दिवशी, अंधार पडायच्या आत करून घ्या, कारण फुटकं दार आता सगळ्या गल्लीला माहीत झालेलं असतं. जुने स्क्रू परत वापरू नका.